वाट्याला आलेले हातमोजे

त्या गेममधल्या हातमोज्यांचा मला इतका राग आहे, की थंडीत स्कूटरवर घालायचे माझे खरे लोकरीचे हातमोजेसुद्धा घरी आल्यावर मी नीट ठेवत नाही, फेकते. गेल्या वर्षभरात त्या गेमने मला दिलं काय, तर हातमोजे. चामड्याचे, फाटके, कुठल्यातरी शूर शिपायाचं भारदस्त नाव चिकटवलेले आणि तरीही आधीच्या जोडीपेक्षा हलके निघालेले. माझ्या त्या खेळातल्या बाईला दोनच हात आहेत, हे गेम बनवणाऱ्यांना कुणीतरी कळवायला हवं होतं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांना सांगते. गेम दिसायला सोपा आहे. जमिनीखाली भुयार, भुयारात राक्षस. राक्षस मारला की त्याच्या अंगातून सामान जमिनीवर पडतं: तलवारी, ढाली, अंगठ्या, टोप, चपला. ते उचलायचं, अंगावर चढवायचं, म्हणजे ताकद थोडी वाढते. मग आणखी एक मजला खाली उतरायचं, तिथे आणखी दांडगा राक्षस. त्याला मारायचं, पुन्हा सामान. कुठली वस्तू कधी पडेल याचा काही नेम नाही. तोच राक्षस महिनाभर मारा, हवी ती वस्तू दिसणार नाही. बाकी भंगार मात्र इतकं पडतं की पिशवी भरते, आणि भर लढाईत ‘पिशवी भरली आहे’ अशी लाल पाटी डोळ्यांसमोर नाचायला लागते. मोठी पिशवी हवी तर ती विकत घ्या, खऱ्या पैशांनी. म्हणजे त्यांनीच कचरा द्यायचा आणि कचऱ्याची टोपलीही त्यांच्याकडूनच घ्यायची. ज्याने कुणी हे डोक्यातून काढलं तो माणूस आमच्याकडे बाजार समितीत सहज निवडून आला असता.

मी नगरमध्ये एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. वय पंचेचाळिशीच्या पुढे. असल्या बाईच्या हातात हा गेम आला कसा, तर मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि त्याचा मोठा कॉम्प्युटर घरी राहिला. मी त्यावर चादर घालून ठेवली होती. एकदा माझा धाकटा भाऊ आला, चादर उचलून बघितलं आणि म्हणाला, “ताई, आगं एवढं यंत्र झाकून काय ठिवलंस? माझ्यासंगं गेम खेळ की. मला हीलर पायजेच हाय.”

हीलर म्हणजे बरं करणारा. गेममध्ये पुढे राहून लढणारा एक असतो आणि मागे राहून त्याच्या जखमा भरून काढणारा एक असतो. लढणारा भाऊ. मी मागे.

भाऊ राहुरीजवळच्या आमच्या गावी असतो. ऊस, कांदा, आणि रस्त्याला ठिबकच्या पाइपांचं दुकान. माझं लग्न झाल्यापासून त्याचा फोन म्हणजे ‘बरी हायेस ना? आई बरी हाय. ठिवतो.’ एवढंच. आणि आता अचानक रोज संध्याकाळी, दुकान बंद करून तो आला की, तास-दीड तास त्याचा आवाज माझ्या कानात. हेडफोन लावून आम्ही भुयारात उतरायचो आणि लढता लढता तो सगळं सांगायचा. म्हैस व्यायली. कालव्याला पाणी सुटलं. आईने डोळ्यांत थेंब घालायला नकार दिला. चुलत्याच्या पोराने ट्रॅक्टर नाल्यात घातला. मध्येच “ताई, मेलो मेलो, भर लवकर!” की मी बोट दाबून त्याला बरं करायची. मी फार खूश होते. माहेरी गेल्यावरसुद्धा भाऊ माझ्याशी इतकं बोलत नसे. स्वयंपाकाला उशीर व्हायचा म्हणून नवरा कुरकुरायचा. मी कुकर लावून बसायची आणि शिट्ट्या राक्षसांच्या आरोळ्यांत मिसळून जायच्या.

त्यामुळे वस्तूंचं सुरुवातीला मला काही वाटलं नाही. पडलेलं सामान जो आधी उचलेल त्याचं. भाऊ पुढे, म्हणून बहुतेक सगळं त्याच्याच पिशवीत जाई. चुकून माझ्या पायाशी काही चांगलं पडलंच, तर तो म्हणे, “ताई, ती ढाल दे गं मला, तुला काय करायचीय?” खरंच, मला ढाल काय करायची होती? मी देत असे. देताना गेम एक चौकट उघडून इंग्रजीतून विचारतो की ही वस्तू एकदा दिली की परत मिळणार नाही, नक्की द्यायची का? मी ‘हो’ दाबत असे. अंगठ्या दिल्या, पट्टा दिला, एक हिरवा खडा दिला. माझ्याकडे उरले हातमोजे.

असं ‘हो’ म्हणायची मला सवय होती. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून आमची सगळ्यांची नावं लागली: आईचं, भावाचं, माझं. नंतर एकदा भाऊ जीप घेऊन नगरला आला, आम्ही रजिस्टर ऑफिसात गेलो आणि मी हक्कसोड केली, म्हणजे माझा हिस्सा भावाच्या नावे सोडून दिला. आमच्याकडे बहिणी तेच करतात. माझ्या आत्यांनी केलं, मावशीने केलं, माझ्यासोबत नोकरी करणाऱ्या एकूण एक बाईने केलं. आईने आदल्या दिवशी फोनवर एवढंच विचारलं होतं, “माह्येर पायजे का वावर पायजे, बघ बाई.” हा प्रश्न नव्हता. कॅमेऱ्यासमोर बसवून तिथल्या माणसाने विचारलं, राजीखुशीने देताय ना? मी हसून हो म्हणाले. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यालो, भावाने मला साडी घेतली. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. खरं तर त्या दिवशी मला स्वतःबद्दल जरा अभिमानच वाटला होता.

असो. काठीचं सांगते.

त्या गेममध्ये हीलरसाठी एक काठी आहे. पांढरी, टोकाला दिवा लावल्यासारखी. ती हातात असली की हीलरला मागे लपून राहावं लागत नाही. ती बरंही करते आणि राक्षसाला रट्टेही देऊ शकते. गेममधल्या चित्रांत मी ती पाहिली आणि मला ती हवीशी झाली. इतकी वर्षं संसारात मला भांडी हवी होती, पडदे हवे होते, मुलाला मार्क हवे होते. निव्वळ स्वतःसाठी, कुणाच्याही उपयोगाची नसलेली एखादी वस्तू इतकी हवी वाटणं ही माझ्यासाठी नवीनच गोष्ट होती. मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, “पडंल की. पडली की तुझीच, ताई. ती मला चालत बी न्हाई.”

झालं, तिथून माझे हाल सुरू झाले. ती काठी एकाच राक्षसाकडे असते, सगळ्यात खालच्या मजल्यावर. त्याच्यापर्यंत पोचायला अर्धा तास. मारायला आणखी पाव तास, कारण तो मरायला आला की पुन्हा ताजातवाना होतो. आणि मेला की काय पडणार? हातमोजे. कधी नुसतेच फुटक्या मडक्याचे तुकडे. एकदा राक्षस शेवटच्या घटकेला आला आणि गावची विजेची डीपी जळाली. भाऊ गायब. मी एकटी त्या राक्षसासमोर, हातात बरं करण्याचं सामर्थ्य आणि बरं करायला कुणी नाही. त्याने मला एका फटक्यात आडवं केलं. गेममध्ये मेल्यावर पुन्हा वरच्या मजल्यापासून सुरुवात. मी हेडफोन काढून टेबलावर आपटला. रात्री फोनवर मुलाला हे सांगितलं, तर म्हणतो, “आई, माझा हेडफोन नीट वापर.”

एकदा इंटरनेट अडकलं आणि पडलेलं सामान जमिनीवर चकाकताना दिसत होतं, पण हात पोचेना. थोड्या वेळाने ते सगळं विरून गेलं. त्यात काठी होती का? कधीच कळणार नाही. असल्या वेळी मला वाटायचं, पलीकडे कुणीतरी खुर्ची टाकून बसला आहे आणि या बाईला आज काय द्यायचं नाही ते ठरवतो आहे. मी ग्रंथालयात पुस्तकं मांडतानाही काठीचा विचार करायची. नेटवर लोकांनी काढलेले तोडगे वाचले. कुणी म्हणे उजव्या दाराने जा, कुणी म्हणे राक्षसाला शेवटचा घाव हीलरने घातला पाहिजे. सगळं करून पाहिलं. चांगली शिकलीसवरलेली बाई मी, उजव्या दाराने जाऊ लागले.

भावाला या सगळ्याचा कंटाळा येत नव्हता, कारण त्याचं काही ना काही भागत होतं. त्याच राक्षसाकडून त्याला टोप मिळाला, खांद्यावरचे पत्रे मिळाले. मी जखमा भरत होते, तो सजत होता. पण रोज उतरण्याआधी म्हणायचा, “चल ताई, आज तुझी काठी काढू.” ते ऐकायला गोड वाटायचं. माझी काठी, असं तो म्हणायचा.

काठी पडली ती एका रविवारी दुपारी. राक्षस कोसळला, आणि ज्या वस्तू दुर्मिळ असतात त्यांच्यावर सोनेरी झोत पडतो, तसा झोत पडला. मी अजून भावाची जखम भरत होते. तो मरायला टेकला होता आणि मी बोट उचललं असतं तर मेलाच असता. त्यामुळे मला पुढे धावता आलं नाही. पण घाई कशाला करायची? मी ओरडले, “पडली! पडली रे!” नवरा पेपर टाकून आत आला. भाऊ त्या झोतात गेला, वस्तू उचलली, मी पाहिलं. मी वाट बघत राहिले की आता ती चौकट उघडेल आणि या वेळी तो मला देईल. चौकट उघडली नाही. हेडफोनमध्ये लोहाराच्या घणासारखा आवाज आला. वस्तू मोडीत काढली की तो आवाज येतो.

“काय केलंस?” मी विचारलं.

“ताई, आगं माझ्या तलवारीला एकच मसाला कमी पडत हुता. तो त्या काठीतूनच निघतो. बघ आता, कशी पेटलीय तलवार!”

“ती माझी होती.”

“तुला परत पडंल की. आन तू तर मागंच उभी असतीस. तुला काय फरक पडतो?”

त्याच्या आवाजात कपट नव्हतं. तेच मला सोसवेना. लबाडी केली असती तर मी भांडले असते, कडाकडा बोटं मोडली असती. तो आनंदात होता आणि मी त्या आनंदात सामील व्हावं अशी त्याची अपेक्षा होती. मी म्हणाले, कुकर लावायचाय, आणि बंद केलं. स्वयंपाकघरात जाऊन रडले. रागाने रडले. नवरा म्हणाला, “अगं, गेम आहे तो.” हे वाक्य नंतर मला सगळ्यांनीच ऐकवलं. मुलानेही. गेम आहे हे मला कळत नव्हतं का? काठी खोटी होती, पण त्याने दिलेला शब्द खोटा नव्हता, तो खऱ्या तोंडाने दिला होता. मला काठी गेल्याचं दुःख एका आठवड्यात संपलं असतं. माझ्या नावाची एक तरी वस्तू भावाला दिसावी, आणि ती उचलताना त्याचा हात क्षणभर थांबावा, एवढंच मला हवं होतं. त्याचा हात थांबला नाही. मग मला रजिस्टर ऑफिस आठवलं, आणि तिथेही कुणाचा हात थांबला नव्हता हे पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आलं. विहिरीकडच्या वावराला मी लहानपणी पाणी धरलं आहे. ते सोडताना मला कुणी, नुसतं तोंडदेखलं का होईना, ‘ठेवायचंय का तुला?’ असं विचारलं नव्हतं.

मी खेळत राहिले. खेळणं सोडलं असतं तर फोनही गेला असता. पण माझं बोट आता जरा उशिरा पडायला लागलं. तो दोनदा मेला तेव्हा मी ‘नेट अडकलं’ म्हणाले आणि मला बरं वाटलं.

त्या गेममध्ये एक गोष्ट मला मनापासून आवडली. तिथे हंगाम असतात. हंगाम संपला की सगळ्यांचं सगळं काढून घेतात. तलवार, टोप, पत्रे, पेट्या भरून साठवलेलं सामान, सगळं खल्लास. नवीन हंगामाला प्रत्येकजण फाटक्या सदऱ्यात उभा. नेटवर लोक यावरून बोंबा मारतात. भावानेही शिव्या घातल्या. त्याची पेटलेली तलवार गेली त्या दिवशी मी शिरा केला. नवऱ्याला कारण सांगितलं नाही.

नव्या हंगामाच्या पहिल्या संध्याकाळी भावाचा फोन आला, “ताई, हीलर घे, उतरू.” मी म्हणाले, या वेळी मी लढणारी होणार.

तो हसला. “मग मागं कोन?”

“तू.”

त्याला ती गंमत वाटली. तयार झाला. मी तलवार घेतली आणि भुयारात पुढे झाले, आणि खरं सांगते, मागून दिसणारं भुयार आणि पुढून दिसणारं भुयार या दोन निराळ्या जागा आहेत. मागून मला नेहमी भावाची पाठच दिसायची. पुढे गेल्यावर राक्षसाचं तोंड दिसतं, सामान पडताना दिसतं, हात पुढे केला की हाताला लागतं. पण मी तीन राक्षसांच्या पुढे गेले नाही. भाऊ मला भरायचा विसरायचा. त्याचं लक्ष जमिनीवर काय पडलंय याकडे. मी “भर, भर!” ओरडायची आणि तो म्हणायचा, “थांब गं, हे उचलतो.” दुसऱ्या संध्याकाळी म्हणाला, “ह्यात काय मजा न्हाई राव. नुसतं तुझ्याकडं बघत बसायचं.” मी म्हणाले, “मी वर्षभर बसले.” तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला की दुकानात माल आलाय. पुढच्या आठवड्यात मला गेममध्ये दिसलं, तो गावातल्याच दुसऱ्या कुणाबरोबर खाली उतरला होता. त्यांना हीलर मिळाला होता.

त्यानंतर फोन नाहीच. आधी दोन मिनिटांचा यायचा, तोही नाही.

भाऊबीजेला मी गेले. न जाऊन कुणाला सांगायचं होतं? भाऊ नीट बोलला, चहा घे म्हणाला, नवऱ्याशी उसाच्या भावावर बोलला. माझ्याकडे मात्र बघत नव्हता. भाची नवा फ्रॉक घालून घरभर फिरत होती आणि तिचा धाकटा भाऊ तिच्या मागे. आईने मला चुलीपाशी गाठलं. “तुमचं दोघांचं काय वाजलंय का?”

मी सांगितलं. गेम, राक्षस, काठी, जमेल तसं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग तिला खरोखरच आश्चर्य वाटलं. “येवढं वावर सोडलंस तवा हूं का चूं केलं न्हाईस. आन आता खोट्या काठीसाठी तोंड फुगवून बसलीस व्हय?”

पुऱ्या तळून झाल्या, पाट मांडला, भावजयीने रांगोळी काढली. भाऊ टोपी घालून बसला. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. त्याने तबकात साडी ठेवली. भावजयीने निवडलेली, माझ्या आवडीच्या रंगाची, तिचं लक्ष असतं. आणि दरवर्षी विचारतो तसं त्याने हसत विचारलं, “बोल ताई, आजून काय पायजे?” यावर बहिणीने ‘काही नको, सुखात राहा’ म्हणायचं असतं. मी आजवर तेच म्हणत आले.

“विहिरीकडचं वावर दे,” मी म्हणाले.

तो मोठ्याने हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला. “चेष्टा करतीस ना?”

“नाही.”

भावजय दारातच उभी राहिली. नवऱ्याने खाली बघितलं. मी तबक धरून तशीच उभी होते, कारण तो काहीतरी म्हणेल अशी मला खरंच आशा होती. त्याने ‘देतो’ म्हणावं असं मला वाटत नव्हतं. ‘ते तुझंच होतं, ताई’ एवढं म्हणाला असता, तरी मी साडी घेऊन निमूट घरी आले असते. तो पाटाच्या कडेच्या रांगोळीकडे बघत राहिला.

आई उठली. तिने माझ्या हातातलं तबक काढून घेतलं, भाचीला जवळ ओढलं आणि मला म्हणाली, “सरक बाजूला. आता हिला तिच्या भावाला ओवाळू दे.”